गाऱ्हाणे मालकापाशीच

सांगली, मार्चमधला रविवार, रात्र

आज उपासना संपल्यावर भावजयीने मला सरळच विचारले, “ताई, सगळं देवाच्या हातात आहे म्हणता, मग हेही त्यानंच केलं का?” मी उत्तर दिले नाही. तिच्याजवळ बसून राहिले आणि तेच योग्य होते, असे मला आता लिहितानाही वाटते.

तासगाव तालुक्यातली द्राक्षबाग माझ्या धाकट्या भावाने पोटच्या पोरासारखी वाढवली. ऑक्टोबर छाटणी झाली की त्याचे डोळे आभाळाला लागायचे, कारण वेल फुलोऱ्यात असताना पावसाने ठाण मांडले तर डावणी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात आणि फवारणीचा खर्च तेवढा अंगावर पडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर चढले, तेव्हा आमच्याच जिल्ह्यात जतकडची माणसे पिण्याच्या पाण्याच्या टँकरची वाट पाहत होती. पुढे दिवाळीच्या सुमारास पाऊस परत आला आणि त्याने बागाही सोडल्या नाहीत. असे सगळे सोसून यंदा बाग साधली होती. घड भरदार होते, व्यापारी येऊन दर बोलून गेला होता, आणि काढणी तोंडावर आली असताना भाऊ हृदयविकाराच्या झटक्याने गेला. त्याच्या फवारणीच्या वहीत शेवटची नोंद आहे, की विहिरीकडच्या ओळींत साखर अजून कमी भरते, चार दिवस थांबावे. त्या पानावर औषधाचा निळसर डाग पडला आहे.

भेटायला आलेल्यांनी आपापल्या परीने कारणे दिली. कोणी म्हणाले, चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात. कोणी म्हणाले, ही परीक्षा आहे. आणि माजघरात कुजबुज झाली, की या घराचे कुठेतरी चुकले असेल. हे शेवटचे बोलणे मला सहन झाले नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती काय, असे विचारून प्रभू येशूने स्वतःच ‘नाही’ म्हटले आहे. मात्र बुरूज त्यांच्यावरच का पडला, हे त्यानेही तेथे सांगितलेले नाही. जे त्याने सांगितले नाही ते आपण एका विधवेच्या तोंडावर ठामपणे सांगावे, याला मी विश्वास म्हणू शकत नाही.

गेले काही आठवडे मी बायबलमधले हबक्कूक संदेष्ट्याचे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते आहे. हा संदेष्टा पहिल्याच अध्यायात देवाला विचारतो, की मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? उत्तर येते ते आणखी अवघड असते, कारण देव म्हणतो, मी खास्द्यांना, म्हणजे बाबेलच्या लोकांना, उठवतो आहे. आपल्या लोकांहून दुष्ट असलेल्या लोकांच्या हातून हा न्याय कसा, म्हणून हबक्कूक पुन्हा वाद घालतो. पुस्तक संपते तेव्हा खास्द्यांचे संकट टळलेले नसते. तरीही अंजिराला मोहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असे एकेक मोजून तो म्हणतो, की मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. द्राक्षाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही यादी नुसते काव्य म्हणून वाचता येत नाही. आमच्याकडे तर उलटेच झाले, वेलीला फळ होते आणि ते उतरवणारा राहिला नाही.

देवाच्या सार्वभौमत्वावर विश्वास ठेवणे म्हणजे त्याच्या प्रत्येक कृतीचे कारण ठाऊक असणे, असे मी आता मानत नाही. तो राज्य करीत नसता तर भावाचे जाणे निव्वळ योगायोग ठरले असते. रडता आले असते, पण जाब विचारायला कोणी उरले नसते. गाऱ्हाणे शेताच्या मालकापाशी नेतात, बांधावरून जाणाऱ्या वाटसरूपाशी नव्हे. म्हणून भावजयीचा प्रश्न मला अविश्वासाचा वाटला नाही. बायबलमधले 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून शास्त्रात राहिले आहे. वधस्तंभावर खुद्द पुत्राने “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” असे विचारले, तेव्हा त्या घटकेला वरून उत्तर आले नाही, आमचे तारण मात्र त्याच घटकेत घडत होते, असे आम्ही मानतो. भावाच्या मृत्यूतून काय घडते आहे ते मला दिसत नाही. ज्याने आपल्या पुत्रालाही राखून ठेवले नाही, त्याच्या हातात माझा भाऊ आहे, एवढे मला पुरते. काही रात्री तेही पुरत नाही, आणि तेव्हा मी तसे त्यालाच सांगते.

काढणीनंतरची एप्रिलची खरड छाटणी स्वतः करून घ्यायची की बाग खंडाने द्यायची, हे भावजयीने अजून ठरवलेले नाही. बुधवारी मी तासगावला जाणार आहे. 88 वे स्तोत्र तिला वाचायचे आहे. ती मोठ्याने वाचेल आणि मी ऐकेन, असे आमचे ठरले आहे.