गाडी कोरडी पुसू नका राव!

माझं स्पष्ट मत आहे की गाडीच्या रंगाची वाट ऊन-पावसाने लागते त्यापेक्षा जास्त आपल्या हातातल्या कोरड्या फडक्याने लागते. धूळ दिसली की पटकन फडकं मारायचं, गाडी चकाचक दिसते, पण त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि आपण ते रंगावर घासत असतो. मग उन्हात काळी गाडी बघा, बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, तेच ते स्वर्ल मार्क्स. रंगावरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोट हा साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे बहुतेकांच्या केसापेक्षाही पातळ, आणि तो एकदा झिजला की परत येत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, हात लावायच्या आधी नुसत्या पाण्याने जेवढी धूळ वाहून जाईल तेवढी जाऊ द्या. घाई करू नका इथे. गाडी सावलीत हवी आणि बॉनेट गार हवं, नाहीतर शाम्पू तिथेच वाळतो आणि डाग पडतात. चाकं आधी धुवायची, त्यांचा ब्रश आणि बादली वेगळी, कारण ब्रेकची धूळ फार खरखरीत असते.

मग दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे हातात घालायचा मऊ धुण्याचा मोजा, शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल (दार, बॉनेट असा एकेक भाग) धुवायचं, मग मिट साध्या पाण्यात खळखळून परत शाम्पूत. वरून खाली यायचं, टपापासून सुरुवात, दाराचा खालचा भाग शेवटी कारण तिथेच चिखल जास्त. भांडी घासायचा साबण वापरू नका, तो तेलकटपणासोबत आधी लावलेलं वॅक्सही काढून टाकतो. आणि मिट किंवा टॉवेल जमिनीवर पडला ना, तर तो त्या दिवसापुरता बाद, नुसता झटकून परत वापरायचा नाही.

धुऊन झालं की लगेच जाड मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या. पाणी जड असेल तर थेंब वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि ते जुने झाले की नुसत्या शाम्पूने निघत नाहीत. हे टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, पाणी शोषणंच कमी होतं.

पक्ष्यांची घाण मात्र पुढच्या वॉशपर्यंत ठेवायची नाही, ती आम्लधर्मी असते आणि उन्हात क्लिअर कोटमध्ये कायमचा डाग कोरते. ओलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवायचं, मऊ झालं की उचलून घ्यायचं, खरवडायचं नाही.

वॅक्स आणि पॉलिश एकच समजू नका. पॉलिश क्लिअर कोट थोडासा घासून ओरखडे कमी करतं, म्हणून ते सारखं सारखं करायचं नाही, तर वॅक्स वरून संरक्षणाचा थर देतं. कार्नोबा वॅक्स, म्हणजे झाडाच्या पानांपासूनचं मेण, काही आठवडे टिकतं, सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम थर, काही महिने. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर घट्ट बसणारा कडक थर, त्याहून जास्त टिकतं पण ते लावल्यावर ओरखडेच पडत नाहीत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, धुवायची पद्धत तीच लागते. वॅक्सच्या आधी धुतलेल्या रंगावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर घालून हलकेच फिरवून बघा, खरखर लागली तर आधी भरपूर ल्युब्रिकंट (घसरण देणारा स्प्रे) मारून क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवा, मगच वॅक्स.