शॉकअपचं कौतुक पुरे

अजिंक्यताऱ्याच्या चढावर सकाळी फिरायला येणारी मंडळी हमखास थांबवतात. माझ्या डोंगरी सायकलचा पुढचा शॉकअप दाबून बघतात आणि विचारतात, "एवढे पैसे ह्या स्प्रिंगचेच का हो?" धाप लागलेली असते, मी 'हो' म्हणून सुटतो. आज तुम्ही निवांत विचारलंत म्हणून सांगतो. एक तर आत स्प्रिंग नाही, हवा आहे. आणि माझे दात शाबूत आहेत ते शॉकअपपेक्षा फोर्कच्या कोनामुळे.

माझी आधीची सायकल नव्वदच्या दशकातल्या घडणीची. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि शॉकअप ज्यात असतो तो दुपाखी भाग, जवळजवळ उभा, जमिनीशी 71 अंश. हँडल खांद्यांपेक्षा जेमतेम रुंद, आणि त्याला धरणारा स्टेम 120 मिलिमीटर, म्हणजे अर्धा माणूस पुढच्या चाकावर लोंबकळलेला. यवतेश्वरच्या बाजूच्या पायवाटेवर कातळाची एक पायरी आली, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. शॉकअप खाली बसला. तो बसला की पुढची बाजू झुकते आणि आधीच उभा असलेला फोर्क आणखी उभा होतो. मी हँडलवरून थेट कुसळात. शॉकअप असूनही पडलो असं घरी सांगितलं. खरं तर थोडाफार त्याच्यामुळेच पडलो.

गंमत म्हणजे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं ज्या जुन्या, जड सायकली डोंगरावरून सोडायची, त्यांचे फोर्क चांगले कललेले होते. पुढे शर्यती आल्या, चपळाई हवी झाली आणि ते उभे केले. 1990 च्या सुमारास रॉकशॉक्स कंपनीचा शॉकअप आला, तो जेमतेम 48 मिलिमीटर दबायचा. 1998 मध्ये गॅरी फिशर ह्या अमेरिकन सायकलवाल्यानं फ्रेम लांब आणि स्टेम आखूड केला, पण सगळ्यांना ते पटायला बरीच वर्षं गेली.

आता ट्रेलच्या, म्हणजे डोंगरवाटांच्या सायकलींचा कोन 64 ते 66 अंश, स्टेम 40-50 मिलिमीटर, हँडल पाऊण मीटरच्या वर. बुलेट बाजूनं बघा, फोर्क असाच कललेला दिसेल. चाक अंगापासून पुढं राहतं, उतारावर सरळ धावतं. चढाला मात्र तेच चाक डुलायला लागतं. म्हणून सीटची नळी पूर्वीपेक्षा उभी केली, वजन पुढं येतं.

जुनी विकलेली नाही. मोती चौकातल्या गर्दीतून दूध आणायला तीच नेतो. तिथं नवी म्हणजे गल्लीत वळवलेला ट्रक.