चौथ्या लेनची पोरगी आणि मोबाईलमधला पुरावा

मी शाळेत पीटी शिकवतो आणि नाशकात जिल्ह्याच्या अॅथलेटिक्स स्पर्धा असल्या की स्टार्टर म्हणून उभा राहतो, म्हणजे काम काय तर ऑन युवर मार्क्स, सेट म्हणायचं आणि लाकडी क्लॅपर (दोन फळ्या एकमेकींवर आपटायच्या, की 'टॅक') वाजवायचा, पण शिव्या सगळ्यात जास्त यालाच.

यंदा मुलींच्या १०० मीटर फायनलला चौथ्या लेनमध्ये सुरगाण्याकडची आश्रमशाळेची पोरगी होती. अनवाणी. लांब पल्ल्याची धावपटू कविता राऊत हिच्यापासून आपल्याकडं तिकडची पोरं म्हणजे लांब पल्ल्याची असंच डोक्यात बसलंय, ही मात्र अस्सल शंभराची, हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या फेरीत, तर शेवटचे दहा मीटर मागं बघत पळाली होती.

सेट म्हणलो, आठही जणींच्या कमरा वर आल्या, आणि माझा क्लॅपर मिटायच्या आत हिचा डावा हात सुटला, मागोमाग पाय. शिट्टी मारली, सगळ्यांना परत बोलावलं, लाल-काळं कार्ड दाखवलं. २०१० पासून नियम सरळ आहे, एक फॉल्स स्टार्ट, म्हणजे इशाऱ्याआधी सुटलं, की बाहेर. त्याआधी काही वर्षं पहिला फॉल्स स्टार्ट अख्ख्या रेसच्या नावावर जायचा, पुढं जो चुकेल तो बाहेर, मग काही हुशार लोक मुद्दाम उडी मारून दुसऱ्यांची लय बिघडवायचे.

तिचे सर फिनिशवरनं मोबाईल नाचवत आले. "बघा ना सर, आवाजाच्या आधी आठच्या आठ निघाल्यात, मग एकटी हीच का बाहेर?" बघितलं तर खरंच, व्हिडिओत आठहीजणी आधी हलतात आणि 'टॅक' नंतर ऐकू येतं! पालक पण जमले. आता यांना कसं सांगायचं, की शूटिंग १०० मीटरवरनं केलंय, आवाजाला तिथपर्यंत यायला पाव सेकंदाहून जास्त लागतो, म्हणून तर फिनिशचे टायमर आवाजावर नाही, क्लॅपर मिटताना बघून घड्याळ दाबतात. तोच व्हिडिओ हळू करून दाखवला, बाकी सातजणी एकदम हलतात, ही त्यांच्याही आधी सुटलेली असते. सर गप्प झाले, पटलं असं नाही म्हणणार.

पोरगी तंबूमागं बसलेली, डोळे कोरडे, नाक लाल. २०० बाकी होतं म्हणून जवळ गेलो. म्हणलं, उसेन बोल्ट माहितीय ना, १०० मीटर ९.५८ सेकंदात पळालेला, २०११ ला देगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १०० च्या फायनलमध्ये असाच आधी उठला आणि बाहेर गेला, सोनं योहान ब्लेकनं नेलं. पण त्याच आठवड्यात त्यानं २०० मारली १९.४० मध्ये, वर रिलेत वर्ल्ड रेकॉर्ड. आणि १५ वर्षांचा असताना किंग्स्टनला ज्युनिअर वर्ल्डच्या फायनलला इतका टरकला होता की बूट उलट्या पायात घातले, तरी जिंकला.

ती म्हणाली, "माझं काय उलटं होणार सर, मी बूटच घालत नाही."

दुपारी २०० ला मात्र ती क्लॅपर वाजल्यावर सुद्धा क्षणभर बसूनच राहिली, इतकी धास्ती घेतलेली. वळणावर सहावी होती, सरळ पट्ट्यात एकेक गिळत दुसरी आली. आणि यावेळी तिचे सर मोबाईल घेऊन फिनिशला नव्हते, बरोब्बर माझ्या खांद्यामागं उभे होते.