तुम्ही विचारलंत म्हणून: सायक्लोस्टाइलच ना ते?

सुट्टीत साताऱ्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, 'इंग्लंडातल्या कलाशाळेत तू शिकवतेस काय, तर सायक्लोस्टाइल? एवढे कॉम्प्युटर असताना?' यंदा काकांनी विचारलं. सहामाहीचे पेपर वर्षानुवर्षं त्यांनी स्वतः सायक्लोस्टाइलवर, म्हणजे मेणकागदाच्या स्टेन्सिलमधून शाई दाबून, काढलेत, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

हो काका, मी शिकवते त्या रिझोग्राफ या छपाई यंत्राचं कूळ तेच. तुम्ही टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणकागदावर अक्षरं ठोकायचात, चुकलं की लाल फ्लुइड लावायचात. आमच्या रिझोग्राफमध्ये ते काम उष्णता करते. मास्टर म्हणून एक पातळ कागद असतो, त्यावरच्या प्लास्टिकच्या पापुद्र्याला बारीक भोकं पडतात, मग तो ड्रमवर गुंडाळला जातो आणि आतली शाई त्या भोकांतून कागदावर उतरते. मिनिटाला शंभराहून जास्त प्रती. १९४६ मध्ये नोबोरू हायामा यांनी टोकियोत काढलेल्या कंपनीचं हे यंत्र. कंपनीच्या नावातला 'रिसो' म्हणजे जपानीत आदर्श. हे यंत्र आलं १९८० च्या दशकात, शाळा-कचेऱ्यांसाठी. चित्रकारांनी ते नंतर आपलंसं केलं.

एका ड्रमात एकच रंग, आणि इथेच मुलं अडतात. फोनमधला फोटो घेऊन येतात, तेव्हा मी विचारते, 'यातला गुलाबी कुठला, निळा कुठला?' प्रत्येक रंगासाठी वेगळं चित्र, आणि तेही काळ्या-पांढऱ्यात करून द्यायचं. हिरवा हवा तर पिवळ्यावर निळा कुठे बसेल, ते आधी डोक्यात दिसलं पाहिजे. शाई वाळत नाही, कागदात मुरते. म्हणून गुळगुळीत आर्ट पेपर चालत नाही, आणि गडद भरीव रंग लावून लगेच दुसरा ड्रम चढवला तर रोलरचे पट्टे उमटतात. एक रात्र थांबावंच लागतं. दोन रंग मिलिमीटरभर सरकतात; ते मला आवडतं.

पण मी शिकवते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मास्टरचा खर्च एका प्रतीला जेवढा, तेवढाच दोनशे प्रतींना. एकच प्रत काढणं परवडतच नाही. मग प्रश्न येतो: उरलेल्या कुणाला? १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे कवितेचं छोटं नियतकालिक सायक्लोस्टाइलवर काढलं. पुढे मराठीत लिटल मॅगझिनची, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या अशा छोट्या अंकांची, मोठी चळवळ झाली. हातात छपाई असली की कुणाच्या होकाराची वाट बघावी लागत नाही. हे मी तिथल्या मुलांना दरवर्षी सांगते, मराठीचं नाव घेऊन सांगते.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. रात्रीच्या बसच्या ज्या थांब्यांवर बसायला बाक नाही, त्यांचा नकाशा तिनं दोन रंगांत केला होता. प्रती हव्या होत्या दोन: एक परीक्षकांना, एक स्वतःला. मी दीडशे काढायला लावल्या. तिनं त्या थांब्याथांब्यांवर आणि बस डेपोत ठेवल्या. आठवड्यानं डेपोतून एक प्रत परत आली. कुणा ड्रायव्हरनं बॉलपेननं एक थांबा खोडला होता आणि तिच्या नजरेतून सुटलेले चार लिहिले होते. तिनं लगेच नवा मास्टर काढला.