तुम्ही विचारलंत म्हणून: परत आले ती नवी गाणी घेऊनच

कार्यक्रम संपला की कोणीतरी हमखास जवळ येऊन विचारते, "ताई, इतक्या वर्षांनी तुम्ही पुन्हा स्वतःची गाणी काढलीत, फार बरं वाटलं, पण आम्हाला तोंडपाठ आहेत ती जुनीच गाणी नव्या साजात का नाही आणलीत? नवी गाणी आता कोण ऐकतं?" विचारणाऱ्याच्या मनात आपुलकीच असते आणि उभ्याउभ्या मी काहीतरी थोडक्यात सांगून वेळ निभावून नेते. प्रश्न मात्र नीट उत्तर देण्याजोगा आहे, म्हणून ते इथे लिहिते.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. 1990 च्या दशकात चॅनल व्ही आणि एमटीव्ही घरोघरी पोचले आणि चित्रपटाबाहेरच्या हिंदी गाण्याला मोठा श्रोता मिळाला. 1995 मध्ये अलीशा चिनॉय, 1996 मध्ये लकी अली आणि 1998 मध्ये फाल्गुनी पाठक यांचे अल्बम गाजले, तेव्हा ते गाणे कोणा नायिकेचे वा नायकाचे नव्हते, गाणाऱ्याचेच होते. बडोद्यात शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या आणि नवरात्रात गरबा गाणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल, याची कल्पना आज येणार नाही. त्या लाटेच्या शेवटी माझीही एक कॅसेट निघाली आणि तिच्यातली दोन गाणी बऱ्यापैकी वाजली. पुढे एकेका तबकडीत शंभराहून अधिक एमपी३ गाणी भरून ती पदपथावर विकली जाऊ लागली, कंपन्यांनी आपला पैसा चित्रपट संगीताकडे वळवला आणि माझा दुसरा अल्बम निघालाच नाही. गाणे मी सोडले नाही. वर्षभर शिकवण्या आणि नवरात्रात गरबा चालूच राहिला. स्वतःच्या नावाचे नवे गाणे मात्र कित्येक वर्षे आले नाही.

जुन्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणावर माझा हक्क नाही, हे पहिले आणि तुलनेने लहान कारण. करारानुसार ते कंपनीकडे गेले. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो, म्हणजे तो संपेपर्यंत मी असेन असे नाही. शब्द आणि चाल यांची परवानगी घेऊन आणि रीतसर पैसे भरून तीच गाणी मला पुन्हा मुद्रित करता आली असती. अनेकांनी तसे केले आहे आणि त्यात गैर काहीच नाही. तेव्हा अडचण केवळ कागदपत्रांची असती, तर मी ती सोडवली असती.

खरे कारण गळ्यात आहे. कॅसेट निघाली तेव्हा मी काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून, गात असे. आज माझा सा पांढरी पाचवर स्थिरावला आहे, म्हणजे तीन अर्धस्वर खाली. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या स्वरतंतूंमध्ये होणारा बदल आणि वर्षानुवर्षे उघड्या मैदानात, हजारो खेळणाऱ्यांपुढे तासन् तास लावलेला आवाज, या दोहोंचा तो परिणाम आहे. त्याचे मला दुःख नाही. तार सप्तकातली जी चमक गेली ती गेली, पण खर्जात, म्हणजे खालच्या स्वरांत, पूर्वी नव्हता तो भरीवपणा आला. गरब्याची लय तसूतसूने चढवत नेताना दम कुठे राखायचा आणि शब्द कुठे सोडायचा, हे त्या रात्रींनी जितके शिकवले तितके कोणत्याही ध्वनिमुद्रणाने शिकवले नव्हते.

मी ज्या संस्थेत शिकले, तिची मुळे सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये सुरू केलेल्या गायनशाळेत आहेत. गायक मौलाबख्श तिचे पहिले प्रमुख होते आणि पुढे बडोद्याच्या दरबारात फैयाज खाँसाहेबांचे गाणे झाले. आमच्या परंपरेत वयस्क गवयाचा षड्ज, म्हणजे सा, उतरला म्हणून त्याला कोणी कमी लेखत नाही. ज्याने त्याने आपल्या गळ्याला मानवेल तिथे तंबोरा जुळवायचा आणि तेथून राग मांडायचा, हे सर्वांना मान्य असते. पॉप गाण्याचे तसे नाही. ते ध्वनिमुद्रणातच जन्माला येते आणि ऐकणाऱ्याच्या कानात त्या एका दिवसाचा, त्या एका वयाचा आवाज कायमचा ठसतो. तेच गाणे मी आज कितीही जीव ओतून गायले, तरी प्रत्येक ओळीला श्रोता नकळत त्या विशीतल्या मुलीशी माझी तुलना करणार, आणि ती मुलगी त्या गाण्यात माझ्यापेक्षा सरस आहे, कारण ते तिच्याच गळ्यासाठी बांधलेले आहे. नव्या गाण्याला असा कोणी प्रतिस्पर्धी नसतो. तिथे श्रोत्याला माझा आजचाच आवाज भेटतो.

पहिल्या नव्या गाण्याच्या वेळची एक गोष्ट सांगते. राजमहाल रोडवरच्या एका घराच्या माडीवर, भिंतींना जाड रजया टांगून आणि पंखा बंद ठेवून, आम्ही ते मुद्रित केले. मुखड्याची पहिली ओळ मंद्र धैवतापासून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ध पासून, उठून मिंडेने, म्हणजे न तुटता घसरत, षड्जावर येते आणि त्या धैवतावर माझा आवाज किंचित खरखरतो. संगणकावर बसलेला संयोजक मुलगा माझ्या विद्यार्थिनीचा भाऊ. त्याने ती ओळ पडद्यावर सरळ केली आणि म्हणाला, "ताई, एवढं गुळगुळीत करून देतो, कोणाला कळणारसुद्धा नाही." मी त्याला दोन्ही ओळी एकापाठोपाठ वाजवायला लावल्या. सरळ केलेल्या ओळीत धैवत स्वच्छ होता, पण षड्जाकडे जाणारी मींड तुटून दोन सुटे स्वर उरले होते आणि शब्दाआधीचा श्वास कापला गेला होता. तो स्वतःच म्हणाला, "पहिलीच ठेवू." एका बाबतीत मी त्याचे ऐकले. स्पॉटिफायवर गाणे निदान 30 सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते, म्हणून माझी लांबलचक सुरुवात त्याने छाटली आणि ऐकताना मला ते पटले, कारण खर्जातला आवाज आता लगेच कानी पडतो. दुसरा अंतरा मात्र मी काढू दिला नाही. गाण्याचा सगळा अर्थ तिथे फिरतो.

तो अर्थही मला विशीत सुचला नसता. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचे पाणी बडोदे शहरात शिरले आणि ओसरल्यावर घराघरांत चिखलाचा थर राहिला. अकोट्यातल्या एका ओळखीच्या काकूंनी लग्नाच्या अल्बममधले फोटो सोडवून गच्चीच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत लावले होते. काहींचे चेहरे धुऊन गेले होते, तरी काकू प्रत्येक फोटोतले कोण कुठे उभे होते ते न चुकता सांगत होत्या. माझे गाणे त्या दोरीवर आहे. मुखड्यात काकू माणसे ओळखून दाखवतात आणि दुसऱ्या अंतऱ्यात ज्या फोटोत काहीच उरलेले नाही, तोही जपून ठेवायला सांगतात. कॅसेटवरच्या गाण्यांत पाऊस होता, पण तो भिजायचा पाऊस होता आणि त्या वयाला तो शोभत होता.

राहिला प्रश्न कोण ऐकते याचा. कमी लोक ऐकतात, पण ऐकतात. या वेळी मूळ ध्वनिमुद्रण माझ्या नावावर आहे, प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा, क्रमांक घेतला आहे आणि शब्द व चाल माझीच असल्यामुळे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्वही घेतले आहे. 2012 च्या कायदादुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीतला वाटा राखला आहे आणि तो त्या संस्थेमार्फत मिळतो. पैसे मात्र फार मिळत नाहीत. 2024 पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदलाच मिळत नाही, आणि बडोद्यात बसून मराठी गाणे काढणाऱ्या बाईला तो आकडासुद्धा कष्टाने गाठावा लागतो. माझा संसार अजून शिकवण्यांवर आणि नवरात्रावरच चालतो, आणि ते मी आनंदाने करते.

जुनी गाणी मी टाकून दिलेली नाहीत. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांतले एखादे गातेच, पांढरी पाचमध्ये आणि थोड्या ठाय, म्हणजे संथ, लयीत, आणि तेव्हा समोरची मंडळी माझ्यापेक्षा मोठ्याने गातात. आधीचा सगळा वेळ नव्या गाण्यांचा असतो. यंदा दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवात पहिल्यांदाच प्रेक्षकांतून पुराच्या गाण्याची फर्माईश आली, आणि ती करणाऱ्या मुलीचा जन्म माझ्या कॅसेटच्या बऱ्याच नंतरचा होता. पुढचे गाणे बांधून तयार आहे. नवरात्र आटोपले आणि गळ्याला थोडी विश्रांती मिळाली की त्याच माडीवर ते मुद्रित करणार आहे.