तुम्ही विचारलंत म्हणून: चीनमध्ये लाच खाल्ली की थेट फाशी?

चीनच्या रेल्वेबद्दल मी जरा जास्तच वाचत असतो, हे एकदा लोकांना कळलं की मग लग्नाची पंगत असो नाहीतर सोसायटीची मीटिंग, कोणीतरी विचारतंच, "काय हो, तिकडे म्हणे भ्रष्टाचार केला की सरळ लटकवतात, आपल्याकडे का नाही असं?" समोरच्याला माझ्याकडून फक्त एक दणदणीत "हो" हवं असतं. (लटकवत नाहीत, इंजेक्शन देतात किंवा गोळी घालतात, पण ते सोडा.) ते "हो" काही माझ्या तोंडून निघत नाही, आणि त्याचं कारण आहे लिऊ झिजुन.

हा चीनचा रेल्वेमंत्री, 2003 ते 2011. जन्म 1953 चा, हुबेई प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरातला. 1972 मध्ये रेल्वेत लागला तो रुळांच्या देखभालीवर, म्हणजे आपल्याकडे गँगमन करतो तसलं काम. तिथून वुहानच्या रेल्वे ऑफिसात, मग एकेक पायरी चढत थेट बीजिंगला. कामाचा झपाटा अफाट, हे त्याला शिव्या घालणारेही मान्य करतात. मंत्री झाल्यावर त्याने हायस्पीड रेल्वेचा असा काही धडाका लावला की लोक त्याला उडीवाला लिऊ म्हणायला लागले. 2008 च्या ऑगस्टमध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, बीजिंग-तियानजिन लाइन ताशी 350 किलोमीटरने पळायला लागली, त्याच वर्षी मंदी आली आणि सरकारने 4 लाख कोटी युआनचं पॅकेज जाहीर केलं, त्यातला मोठा वाटा रुळांवर ओतला गेला, आणि हे सगळं खर्च करायची किल्ली एका माणसाच्या खिशात.

आता इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. त्या काळी चीनचं रेल्वे मंत्रालय म्हणजे सरकारातलं वेगळं संस्थानच होतं. लाइन कुठून न्यायची ते तेच ठरवणार, टेंडर तेच काढणार, गाड्या तेच चालवणार, सुरक्षेची तपासणीही तेच करणार, आणि वर पोलीस रेल्वेचे, सरकारी वकील रेल्वेचे आणि कोर्टसुद्धा रेल्वेची! चोर पकडायचा कोणी?

मग डिंग शुमियाओसारखी माणसं येणारच. ही शान्शी प्रांतातली बाई, शिक्षण जेमतेम, सुरुवातीला अंडी विकायची, मग कोळशाच्या धंद्यात शिरली. शान्शीत कोळसा रग्गड, पण तो बाहेर न्यायला मालगाडीचे डबे मिळायला हवेत, आणि डबे कोणाला मिळणार हे रेल्वेवाले ठरवणार. ओळख तिथे उपयोगी पडली. पुढे हायस्पीडची कंत्राटं निघाली तेव्हा ही बाई मधली दलाल झाली, कंपन्यांनी तिच्याकडे जायचं, काम मिळालं की कमिशन द्यायचं. कोर्टात आलेल्या हिशोबाप्रमाणे अशा 23 कंपन्या होत्या, आणि दलालीचा आकडा अब्जांत. तिला 2014 मध्ये 20 वर्षं तुरुंग आणि 250 कोटी युआन दंड झाला.

मला मात्र सगळ्यात भारी वाटतो तो झांग शुग्वांगचा किस्सा. हा लिऊचा खास माणूस, रेल्वेचा उपमुख्य इंजिनिअर. याला पैशाबरोबर मानही हवा होता, चिनी विज्ञान अकादमीचं सदस्यत्व पाहिजे होतं, म्हणजे शास्त्रज्ञ म्हणून नाव. त्यासाठी त्याने रेल्वेला माल पुरवणाऱ्या कंपन्यांकडून चक्क वर्गणी काढल्यासारखे पैसे घेतले, 2 कोटींच्या वर युआन, आणि तरी 2009 ला म्हणे एका मताने पडला! त्याला पुढे लिऊसारखीच शिक्षा झाली, ती काय ते खाली येतंच.

लिऊला फेब्रुवारी 2011 मध्ये हटवलं. बीजिंग-शांघाय लाइन, त्याचं सगळ्यात मोठं स्वप्न, 1,318 किलोमीटरची, ती 30 जूनला सुरू झाली तेव्हा साहेब चौकशीत. आणि 23 जुलैला वेनझोऊजवळ एक गाडी दुसरीवर मागून आदळली, डबे पुलावरून खाली, 40 माणसं गेली. सिग्नलच्या यंत्रणेतच दोष निघाला. अपघातानंतर तिथेच खड्डा खणून गाडीचे तुकडे पुरायला लागले तेव्हा लोक खवळले, आणि मंत्रालयाचा प्रवक्ता पुरण्याचं कारण सांगून वर म्हणाला, "तुमचा विश्वास बसो न बसो, माझा बसलाय." चौकशी अहवालात लिऊचंही नाव आलं.

आता तुमच्या फाशीचं. 2013 च्या जूनमध्ये खटला चालला, अर्ध्या दिवसात आटोपला. आरोप, 1986 ते 2011 मध्ये 6 कोटी 46 लाख युआन लाच. नीट वाचा, 1986 पासून. म्हणजे पंचवीस वर्षं हा माणूस खात होता आणि बढत्याही घेत होता, आणि त्या सगळ्या काळात लाचेला मृत्युदंड कायद्यात होताच. शिक्षा झाली "दोन वर्षं स्थगित मृत्युदंड", ज्यात दोन वर्षं नीट वागलं की जन्मठेप होते, आणि 2015 मध्ये तशी ती झालीही.

उलट औषध खात्याचा प्रमुख झेंग शियाओयू, त्याच्यावर 65 लाख युआनच्या आसपासचा आरोप, लिऊच्या आकड्याचा दहावा हिस्सा, त्याला 2007 मध्ये खरंच मारलं. तेव्हा भेसळीची औषधं आणि निर्यातीचा माल यावरून जगभर बोंब चालू होती. लाय शियाओमिन या सरकारी फायनान्स कंपनीच्या प्रमुखालाही 2021 मध्ये मारलं, त्याचा आकडा 178 कोटींच्या वर. पण कोट्यवधी खाऊन स्थगितीमुळे जीव वाचलेले भरपूर आहेत. त्यामुळे जीव जाणार की वाचणार हे नुसत्या आकड्यावरून तरी मला कधी सांगता आलेलं नाही.

यावर लोक म्हणतात, बरं, पण निदान एकाला धरल्यावर बाकीचे घाबरले असतील ना? तर ऐका. लिऊच्या जागी आणला शेंग ग्वांगझू, आधी कस्टम्सचा प्रमुख, घर साफ करायला आणलेला. 2013 मध्ये मंत्रालयच मोडीत काढलं, त्याची रेल्वे कंपनी केली, तिचाही प्रमुख हाच. 2016 मध्ये पायउतार झाला, आणि 2022 मध्ये लाचेच्याच प्रकरणात त्याचीही चौकशी लागली आणि पक्षातून हकालपट्टी झाली.