मधल्या फटीत कॅनडा

नायगारा बघितला का, हे सगळेच विचारतात म्हणून आधी उरकून टाकतो. बघितला. रेनकोट घालूनही भिजलो आणि हिने आणलेल्या कोथिंबीर वड्या तिथल्याच बाकावर बसून खाल्ल्या. आता मुद्द्याचं.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. त्यातली चार ही कॅनडात आहे. आधी शिकायला, आता एका प्रयोगशाळेत नोकरीला. मी ठाण्यात, नौपाड्यात. बाबांच्या वेळेपासूनची छोटी ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि गणपतीत मंडळांची पावतीपुस्तकं. मे अखेर पत्रिकांचा जोर ओसरतो आणि श्रावण तोंडावर आला की पावत्यांची झुंबड सुरू होते. त्या मधल्या फटीत बायको. २४ मेला पोचायचं, २० जुलैला निघायचं असं तिकीट काढलं.

व्हिसाची हकीकत सांगत बसत नाही. फी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे, आणि कागद इतके की फाइल बांधायला आमच्याच बाइंडिंगवाल्याकडे दिली. इन्कम टॅक्सची रिटर्न्स, गुमास्ता, घराचं इंडेक्स टू. ‘परत येण्याची कारणं’ म्हणून हे सगळं जोडायचं असतं. ओळखीच्या एका एजंटने फुकटचा सल्ला दिला होता, ‘तिकडे उतरल्यावर बायकोकडे चाललो म्हणू नका, फिरायला आलो म्हणा.’ मला पटलंही होतं, खोटं कशाला बोलू. हिला फोनवर सांगितलं तर केवढी भडकली! ‘अरे, खोटं सापडलं तर पाच वर्षं बंदी घालतात. माझं काय होईल?’ तो विषय तिथेच संपला.

रात्री साडेअकराला घरून निघालो. आनंदनगरच्या नाक्यावर आता गाड्यांना टोल नाही, तरी सगळे सवयीने हळू होतात, आमचा ड्रायव्हरही झाला. मुंबईच्या इमिग्रेशनला समोर मराठी माणूस होता. ‘कुणाकडे?’ ‘मिसेसकडे.’ ‘मिसेस तिकडे? मग तुम्ही इथे काय करताय?’ असं म्हणत त्याने शिक्का मारला. मी हसलो. हाच प्रश्न चोवीस तासांत पुन्हा येणार आहे, तोही हसू न येता, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

कुठल्या विमानतळावर उतरलो ते लिहीत नाही. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे ठाण्यात रात्रीचे साडेबारा. मशीनसमोर उभं राहून फोटो काढला, मशीनने चिठ्ठी दिली, ती बघून खिडकीतल्या बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि मला बाजूच्या खोलीत पाठवलं. खोलीत खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर ‘फोन वापरू नका’ची पाटी. पुढे एक आजी रडत होत्या, त्यांची भाषा कुणालाच येत नव्हती. मी तासभर बसलो. बाहेर ही उभी आहे आणि तिला माझा पत्ता नाही, एवढंच डोक्यात.

ऑफिसर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान. उद्धट अजिबात नव्हता, हे मुद्दाम सांगतो. उद्धट असता तर निदान घरी येऊन शिव्या देता आल्या असत्या.

पहिला प्रश्न, ही तुमची बायको कशावरून? हिचं आडनाव माहेरचंच आहे. माझा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यामुळे शेवटच्या पानावर जोडीदाराच्या नावाची जागा कोरी. ते नाव घालायला पासपोर्ट नवा करून घ्यावा लागतो, आणि पासपोर्ट सेवा केंद्र आमच्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, वागळे इस्टेटला. सहा वर्षांत मी गेलो नाही. दर वर्षी ‘गणपती झाले की जातो’. माझ्यासारखे आळशी कुणी वाचत असतील तर आधी तिकडे जा, हे बाकीचं नंतर वाचा.

पण माझ्याकडे हुकमाचं पान होतं, महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नमुना ‘इ’. तीन साक्षीदार आणि भटजींच्या सह्या घेत फिरलो होतो त्यासाठी. दोन्ही भाषांत आहे, गोल शिक्का आहे. मी ते जरा ऐटीतच काउंटरवर ठेवलं. त्याने नीट वाचलं, मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला, ‘म्हणजे तुमची बायको इथे राहते, इथे कमावते. मग तुम्ही परत का जाल?’

मी गप्पच झालो. आत्ता दोन मिनिटांपूर्वी ती माझी बायको आहे हे पटवण्यासाठी धडपडत होतो. ते पटलं, आणि पटलं म्हणूनच अडकलो. तिला भेटायला आत सोडायचं तर मी तिला सोडून जायला किती उतावीळ आहे हे दाखवायचं. आईला हे नंतर सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग तू काय म्हणालास? बायको आवडत नाही म्हणालास की काय?’

मी म्हटलं, २० जुलैचं तिकीट आहे. त्याने हिला फोन लावला. मला लांब बसवलं होतं, फक्त याच्या माना हलताना दिसत होत्या. ही काय म्हणाली ते रात्री कळलं. त्याने विचारलं, ते किती दिवस राहणार? ही म्हणाली, ‘तुम्ही द्याल तितके. गणपतीपर्यंत राहिला तर फारच छान.’ आता यात खोटं काय आहे? आपल्या घरात पाहुणा किती दिवस राहणार याचं उत्तर ‘बघू’ असंच असतं. तारीख सांगितली तर आई म्हणते, आल्या आल्या जायचं काय बोलतोस. पण त्याच्या कागदावर नवऱ्याची तारीख एक आणि बायकोची दुसरी.

मग त्याने हिचा पत्ता विचारला. पत्ता फोनमध्ये. मला रस्त्याचं नाव अर्धंच आठवलं, फ्लॅट नंबर अजिबात नाही. चार वर्षं जिच्याशी रोज बोलतो तिचा घरनंबर मला येत नाही, याची लाज त्याच्यापेक्षा मलाच जास्त वाटली. तो म्हणाला, फोन उघडा, वायफाय लावा.

वायफाय लागलं आणि फोन थरथरायला लागला. प्रेसमधल्या डीटीपीवाल्या मुलाचे बेचाळीस मेसेज. ‘दादा प्रूफ बघा.’ ‘दादा मामांचं नाव चुकलंय म्हणतात.’ ‘दादा अध्यक्ष येऊन बसलेत.’ आमच्या एका मंडळाचे अध्यक्ष मे महिन्यातच पावतीपुस्तकांसाठी नाचतात. पडद्यावर गणपतीचं चित्र आणि खाली ‘सालाबादप्रमाणे यंदाही’. मला वाटलं, संपलं. आता हा म्हणणार, तू इथे काम करायला आलायस.

त्याने विचारलं, हे काय आहे?

तोपर्यंत माझं इंग्रजी ततपप करत होतं. इथे मात्र ते आपोआप सुटलं. मी त्याला वर्गणी सांगितली. पावतीपुस्तक सांगितलं, एका पुस्तकात शंभर पावत्या, प्रत्येकीवर नंबर, मधोमध फाडायला टिंबांची रेघ. एकच नंबर दोन पुस्तकांवर पडला तर हिशेब जुळत नाही आणि मंडळात भांडणं होतात, हे सांगितलं. त्याने विचारलं, तुमच्याशिवाय दुसरं कुणी हे करू शकत नाही? मी म्हटलं, हाच मुलगा गेल्या वर्षी सगळ्या पुस्तकांवर एक ते शंभर छापून बसला होता. पाच हजार पावत्या रद्दीत गेल्या, पुन्हा छापल्या, त्या माझ्या खर्चाने. हे सांगताना माझा आवाज चढला असणार, कारण पुढच्या आजी रडायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या.

तो हसला नाही. बराच वेळ टाइप करत होता. गुमास्ता आणि इंडेक्स टू फाइलमध्येच राहिलं, त्याने मागितलंसुद्धा नाही. शेवटी एक छापील कागद हातात ठेवला.

एरवी पासपोर्टवर नुसता शिक्का मारतात, तारीख लिहिली नाही तर सहा महिने राहता येतं. मला त्याने वेगळा कागद केला होता, ‘व्हिजिटर रेकॉर्ड’, आणि त्यावर देश सोडायची तारीख: २० जुलै. माझ्याच तिकिटाची तारीख मला दंडासारखी परत मिळाली. मुदत वाढवायची तर तीस दिवस आधी अर्ज करा, असंही सांगितलं. दुसऱ्या बाजूला सामानात मेतकूट, गोडा मसाला, पापड. सगळं फॉर्मवर लिहून दिलं होतं. कुणी वाससुद्धा घेतला नाही.

बाहेर ही साडेतीन तास उभी होती. मी म्हटलं, ‘गणपती कशाला मध्ये आणलेस?’ ती म्हणाली, ‘आणि तुला माझा फ्लॅट नंबर येत नाही?’ मग दोघंही गाडीत गप्प. ही इतकी जवळ बसलेली, आणि मी मनात ८०७, ८०७ घोकत होतो.

पुढचे आठ आठवडे चांगले गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ही कामावर जायची, मी भात लावायचो, रात्री प्रूफं तपासायचो. तो कागद हिने फ्रिजवर चुंबकाने लावला होता. दूध काढताना रोज दिसायचा. एकदा ‘मुदत वाढवायची का’ म्हणाली. मी ‘बघू’ म्हटलं. मग तीस दिवसांची तारीख निघून गेली, दोघांनीही काही म्हटलं नाही.

२० जुलैला निघताना मी फाइल हातातच धरली होती. व्हिजिटर रेकॉर्ड सगळ्यात वर. चेक-इन झालं, बॅग तपासली, पट्टा काढला, घातला. आता इमिग्रेशनची रांग कुठे म्हणून शोधत राहिलो. समोर परफ्यूमची दुकानं. एका सफाईवाल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, जाताना इथे नसतं तसलं काही. खरंच नसतं. त्या देशातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारणारी खिडकीच नाही.

मी गेटवर बसलो. बोर्डिंगला वेळ होता, डीटीपीवाल्याचं प्रूफ आलं होतं. तिसऱ्या पुस्तकाचा नंबर पुन्हा एकपासून.